यादोराव भाऊजींची छपरी

लाखांदूरकडून येणाऱ्या सकाळच्या एसटीचा कंडक्टर माझ्या दुकानासमोर कधी खाली उतरत नाही. काही निरोप असला तर खिडकीतूनच ओरडतो आणि गाडी पुढे जाते. त्या दिवशी तो उतरला, पायरीशी येऊन उभा राहिला आणि मी खिळे तोलत होतो ते तोलून होईपर्यंत थांबला. मग म्हणाला, "दिघोरीचे तुमचे भाऊजी गेले. पहाटे छातीत दुखलं म्हणते. बाईनं बलावलं तुमाले." समोर गिऱ्हाईक उभं, तागडीत खिळे, आणि माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल? दुःख नाही. दुःख नंतर आलं, बसमध्ये खिडकीशी बसल्यावर. पहिल्यांदा आला तो संताप. मी मनात म्हटलं, गेला हा माणूस, आणि छपरी तशीच ठेवून गेला…

या छपरीची गोष्ट दिघोरीत कोणालाही विचारा, हसून सांगेल. माझी थोरली बहीण देवका मोहाडीहून तिकडे नांदायला गेली ती सत्तर सालाच्या थोडं पुढे. आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाईच म्हणतात, म्हणून मीही इथे बाईच म्हणतो. यादोराव भाऊजींचं घर म्हणजे नुसती गर्दी. सासू, दोन दीर, त्यांच्या बायका, धानाची पोती. सासरे तेवढे लग्नाच्या आधीच गेलेले. त्या घरात बाईला पाठ टेकायला कोपरा नव्हता, पण घरामागे सांदवाडी होती, म्हणजे परसातली भाजीची वाडी, आणि ती सासूनं पहिल्याच वर्षी तिच्या हवाली केली. वांगी, वाल, दोडके, मिरच्या, सांबार म्हणजे कोथिंबीर… बाईच्या हाताला गुण होता, जे लावेल ते यायचं. सावली मात्र तिथे औषधाला नव्हती आणि बाईला अर्धशिशी. ऊन डोक्यात गेलं की दोन-दोन दिवस डोळे उघडायची नाही. बाजाराच्या आदल्या दिवशी भाजी तोडायची, निवडायची, जुड्या बांधायच्या, ते सगळं उन्हात, डोक्यावर ओलं फडकं टाकून. तिला पाहिजे होती एक छपरी. एक बंडी, म्हणजे बैलगाडी, उभी राहील एवढी. खाली बसता यावं, कुदळ-फावडं आणि टोपल्या ठेवता याव्यात, बस. याहून जास्त माझ्या बहिणीनं नवऱ्याजवळ काही मागितलं असेल तर मला ठाऊक नाही.

भाऊजी नाही म्हणाले असते तरी परवडलं असतं, आम्ही दुसरी काही सोय केली असती. पण ते कोणालाच नाही म्हणत नसत. ते हो म्हणाले. माझ्यासमोर म्हणाले, मी तेव्हा दिवाळीला बाईला न्यायला गेलो होतो. "घालू ना छपरी. पण घालू त अशी घालू का आपल्या मागं बी उभी राह्यली पाह्यजे." बाई चुलीजवळून म्हणाली, "मले मागची नाही पाह्यजे. मले आत्ता ऊन लागून राह्यलं." भाऊजींनी मान हलवली, "तुहं बरोबर आहे," म्हणाले, आणि खांद्यावर दुपट्टा टाकून लाकूड पाहायला निघून गेले. ते जे पाहायला गेले ते पंधराएक वर्षं पाहतच राहिले.

पुढे मी साकोलीला हमरस्त्यावर दुकान टाकलं. टिनाचे पत्रे, सिमेंटचे पत्रे, खिळे, तार, दाराचे कब्जे म्हणजे बिजागऱ्या, असला माल. मला वाटलं, आता तरी प्रश्न मिटला. सख्ख्या साळ्याचं दुकान, पत्रे टाका बंडीत आणि घेऊन जा. पण भाऊजी साकोलीला आले की आधी बाकावर बसायचे, चहा घ्यायचे आणि मग उठून एकेका पत्र्यावर बोटाच्या पेरानं ठकठक करायचे. कान लावून ऐकायचे. वास घ्यायचे. पत्र्याला कसला आलाय वास? आणि हे सगळं भरल्या दुकानात, गिऱ्हाइकांच्या समोर. "टिन तापते, मधू. दुपारी याच्या खाली बसली त तुही बहीण भाजी निवडन का भाजी शिजवन?" माझ्यासमोर पत्रे घ्यायला आलेला माणूस हे ऐकून घरी निघून जायचा. मग मी सिमेंटचा पत्रा दाखवायचो. "हा थंड राह्यते. पण वांदरानं एक उडी मारली का संपला." बरं, वांदराचं म्हणाल तर गावची कौलं, म्हणजे आमचे साधे कवेलूही वांदरं फोडतात, शिवाय दर उन्हाळ्यात उतरवून फेरावे लागतात. मग इंग्रजी कवेलू घ्या. "हो, ते चांगले. पण वजन लय. त्याले लाकूड बी तसंच पाह्यजे ना." मग लाकूड घ्या. "लाकूड कोणतं घ्याचं ते वर काय टाकतो त्याच्यावर आहे." असं करत करत आम्ही पुन्हा पत्र्यापाशी यायचो. एवढं झाल्यावर ते चहाचा कप स्वतः धुऊन ठेवायचे, बाईसाठी पावशेर बत्तासे घ्यायचे आणि बस पकडायचे. मी कपाळाला हात लावून बसायचो.

लाकडाचंही तेच. सागवान घेऊ म्हटलं तर, "सागाची छपरी पाह्यली का लोक म्हणन, यादोरावले धन सापडलं." ऐनाचं घेऊ म्हटलं तर ते उन्हानं तडकतं. मोहाला तर हात लावू देत नसत, फुलं देणारं झाड कोण कापतं म्हणून. शेवटी बिजावर मन बसलं, बिजा पाण्याला भीत नाही म्हणून. ते लाकूड त्यांनी डेपोतून रीतसर आणलं, चांगले सरळ चार खांब, आणि आम्ही सगळे हुश्श करतोय तोवर त्या माणसानं ते खांब शेतातल्या बोडीत नेऊन बुडवले. बोडी म्हणजे धानाला पाणी द्यायचं लहानसं तळं. लाकूड पाण्यात मुरलं की त्याला भुंगा लागत नाही, हे खरं, आमच्याकडे सगळेच एखादा हंगाम मुरवतात. पण एखादा हंगाम! इथे एक पावसाळा गेला, दुसरा गेला, खांब आपले तळाशी. भाऊजी संध्याकाळी बोडीवर जायचे, पाण्यात उतरून पायानं खांब चाचपायचे आणि घरी येऊन सांगायचे, "अजून नाही."

एका उन्हाळ्यात माझं डोकं फिरलं. भाऊजी चार दिवस भावकीतल्या लग्नाला गेलेले. मी दिघोरीला जाऊन बसलो, बाईच्या दिरांना हाताशी धरलं, मिळतील त्या बल्ल्या रोवल्या, वर धानाचं वाळकं तणस घातलं आणि छपरी उभी केली. वाकडी होती. म्हणजे बरीच वाकडी होती. पण खाली सावली पडली होती, आणि बाई त्या सावलीत पाय पसरून बसली आणि मला म्हणाली, "मध्या, चहा इथंच आण." मोठ्या बहिणीनं आयुष्यात पहिल्यांदा मला काम सांगितल्यासारखं मला वाटलं. भाऊजी परत आले, छपरीभोवती एक फेरी मारली, बल्लीवर ठकठक केलं. मी साकोलीला आलो, आणि पुढच्या बाजाराच्या दिवशी कोणीतरी सांगितलं की यादोरावनं छपरी काढली. उधई, म्हणजे वाळवी, लागली म्हणे. एवढ्यात उधई? मी इतका चिडलो की पोळ्यापर्यंत दिघोरीला गेलो नाही. गेलो तेव्हा बाईनं त्याविषयी चकार शब्द काढला नाही, उलट मीच बोलायला लागलो तर म्हणाली, "जाऊ दे ना. जेवून घे." मला वाटलं, हिनंही हात टेकले.

आणि मग बांबू. वर काहीही टाकायचं ठरलं तरी वाशांना बांबू लागणारच, म्हणून भाऊजी दर वर्षी दिवाळीनंतर आमच्या साकोलीकडच्या जंगलातून परवान्याचे बांबू न्यायचे. दिघोरीकडे सगळी धानाची सपाटी, बांबूची रांजी एकही राहिली नव्हती. हे बांबूही अंधाऱ्या पाखातच तोडलेले पाहिजेत. उजेडी पाखात तोडलेल्या बांबूत गोडवा असतो आणि भुंगा त्यालाच येतो, हे आमच्याकडे सगळे मानतात, मीही मानतो. पण कोणी सांगितलं की हे अंधाऱ्या पाखातले आहेत, तर त्यावर विश्वास ठेवावा की नाही? भाऊजी ठेवत नसत. ते स्वतः जाऊन उभे राहायचे. आणलेले बांबू बोडीत मुरवून, वाळवून सांदवाडीच्या कुडाशी ओळीनं उभे करायचे. कोणी विचारलं तर सांगायचे, "छपरीचे आहेत."

आणि ते छपरीचे बांबू छपरीला कधी लागलेच नाहीत. गावात कोणी वारलं की लोक सरळ यादोरावच्या सांदवाडीत. तिरडीला बांबू पाहिजे. आता मयताच्या माणसाला बांबू नाही कोण म्हणणार, ते मला समजतं. पण देणारा माणूस कडेचा एखादा देईल ना? भाऊजी अंगणात उभे राहून एकेक बांबू ठोकून पाहायचे. पहिला बाजूला. दुसरा बाजूला. मग सगळ्यात चांगले निवडून द्यायचे, आणि असले बांबू काही परत येत नाहीत. एकदा मी तिथेच होतो. लोक गेल्यावर मी म्हटलं, "जाळाचेच आहेत ते. चांगले काहून देता?" भाऊजी म्हणाले, "गड्या, वाटेत मोडला त?" मी म्हटलं, "तिरडीचा बांबू कधी मोडते का?" ते माझ्याकडे नुसते पाहत राहिले आणि म्हणाले, "तुहं बरोबर आहे." हे 'तुहं बरोबर आहे' ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. बरोबर आहे ना, मग तसं करा की!

सासू वारली, दीर वेगळे निघाले, घर रिकामं झालं, तरी छपरी नाही. शेवटच्या दोन-तीन वर्षांत बाईची अर्धशिशी फार वाढली होती. एकदा भर बाजारात वांग्याच्या ढिगाजवळ ती बसल्या जागी कलंडली. त्या वेळी मात्र मी जाऊन भाऊजींना वाट्टेल ते बोललो. वयाचा, नात्याचा विचार केला नाही. म्हटलं, "तुमची छपरी तुमच्या मागं उभी राहीन म्हणता. त्या वक्ताले खाली बसाले माही बहीण पाह्यजे ना?" त्यांनी सगळं ऐकून घेतलं. खाली मान घालून दुपट्ट्याचं टोक बोटाला गुंडाळत राहिले. मला वाटलं, आता नक्की. दुसऱ्या दिवशी निरोप आला, भाऊजी बांबू आणायला येताहेत, अंधारा पाख लागला आहे.

…तर मी त्या दिवशी बसमधून उतरलो. अंगण माणसांनी भरलेलं, भाऊजींना बाहेर ओट्यावर ठेवलेलं. पाच-सहा माणसं सांदवाडीत कुडाजवळ नुसती उभी होती. बांबूंकडे पाहत होती आणि कोणी हात लावत नव्हतं. मी म्हटलं, काय झालं? त्यांच्यातला एक म्हातारा म्हणाला, "पाहून कोण देईन? दर वेळी तेच देत होते." मग सगळे माझ्याकडे पाहायला लागले, का तर मी दुकानदार, शिवाय साळा. मी पहिला बांबू ओढला. म्हातारा म्हणाला, "ठोकून पाहा ना, भाऊ." मी ठोकला. मला त्या आवाजातलं काय कळतं? तरी मी पहिला बाजूला ठेवला. दुसराही ठेवला. एवढ्या वर्षांचा राग होता तो कुठे गेला कळलं नाही, बोटं दुखेपर्यंत मी ठोकत राहिलो आणि माझ्या डोळ्यांना धार लागली. माणसं शांतपणे थांबली होती, कोणी घाई केली नाही.

तेरवी झाली आणि मी ठरवलं, आता कोणाचं ऐकायचं नाही. दिरांना घेऊन बोडीत उतरलो आणि बिजाचे खांब वर काढले. इतकी वर्षं चिखलात राहून एकालाही काही झालं नव्हतं, याचासुद्धा मला राग आला. बाईला म्हटलं, "वर काय टाकू सांग. कवेलू का टिन?" बाई म्हणाली, "जे लवकर होते ते. टिन टाक, टिनावर तणस टाक. तापत नाही मंग." एवढं सोपं होतं? पंधरा वर्षं आम्ही ठकठक करत होतो आणि उत्तर हिच्या पदरात होतं. "मंग आधी काहून नाही सांगितलं?" "सांगतलं होतं त्याइले. तुहं बरोबर आहे म्हणले." मी हसलो, तीही थोडी हसली, गेल्या कित्येक दिवसांत पहिल्यांदा. मग मी वाशांसाठी कुडाजवळचा बांबू उचलला, तशी बाई एकदम उठली. "त्याले हात नको लावू. वासे आरामशीनवरून चिरून आण."

मी म्हटलं, "का? छपरीचेच आहेत ना हे?"

बाई परत खाली बसली. म्हणाली, "छपरीचे कायचे. ते गावासाठी होते." आणि मग तिनं सांगितलं. माझे कान हे ऐकायला इतकी वर्षं उशिरा पोचले. तिचे सासरे वारले तेव्हा भर पावसाळा, रोवणी सुरू, गावात बांबू नाही. कोणाच्या तरी गुरांच्या कोठ्याचा जुना काढून आणला, आतून भुंग्यानं खाल्लेला. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, नेताना तो मोडला आणि सासरे खाली धानाच्या बांधीतल्या चिखलात पडले. "यादोरावनं बापाले चिखलातून उचललं," बाई म्हणाली, नवऱ्याचं नाव तिनं त्या दिवशी पहिल्यांदा घेतलं. "तिथंच धुऱ्यावर धुतलं. तवापासून ठरवलं त्याइनं का गावात कोणाचं असं होऊ द्याचं नाही. चार बांबू घरी पाह्यजेच. पण तिरडीसाठी बांबू आणून ठेवले म्हणलं त लोक काय म्हणन? असं कोणी ठेवते का घरात? अन् घरात सासू बसली. तिच्यादेखत बोलता येते का असं? म्हणून छपरीचे म्हणून सांगाचे."

"तुले कधीपासून माहीत?"

"तू तणसाची घातली ना, ते काढली तवा सांगतलं. छपरी झाली म्हणल्यावर बांबू कायचे म्हणून ठेवन? मी लय भांडली. पण त्याच पावसाळ्यात शेजारची सगुणा गेली. माही एकच मैत्रीण होती गावात. पाणी पडून राह्यलं होतं, अन् तिले घेऊन गेले त ते बांबू जरा बी वाकले नाही. मी दारातून पाह्यलं. मंग नाही बोलली कधी." मग म्हणाली, "पण मले ऊन लागतच होतं, मध्या. ते काही कमी नाही झालं."

माझा राग काही पूर्ण गेला नाही, आजही गेलेला नाही, आणि मेलेल्या माणसाबद्दल असं लिहू नये म्हणणाऱ्यांनी माझ्या बहिणीचे ते दोन-दोन दिवस मिटलेले डोळे आठवावेत. मी म्हटलं, "अगं, छपरी घालून टाकली असती आणि बांबू तिच्या दुरुस्तीचे म्हणून ठेवले असते! काय बिघडलं असतं?" "हे त्याइले सुचलं नाही," बाई म्हणाली, "मले बी नाही सुचलं. तुले तरी आजच सुचलं ना." त्यावर आम्ही दोघंही बराच वेळ रडलो, आणि मध्येच हसलोही असू.

छपरी दीड दिवसात उभी राहिली. बिजाचे खांब, आरामशीनवरचे वासे, माझ्या दुकानातले पत्रे, वर तणसाचा जाड थर. राहिलेले बांबू बाईनं आत वाशांखाली आडवे बांधून घेतले. गेल्या आठवड्यात मी कुडाच्या फाटकाला कब्जे बसवायला गेलो होतो. बाई छपरीत वाल निवडत बसली होती, डोक्यावर ओलं फडकं नव्हतं. एवढ्यात खालच्या टोलीवरचा एक माणूस आला आणि कुडापलीकडे उभा राहिला. पहाटे त्याची आई गेली होती. त्यानं आधी छपरीकडे पाहिलं, मग वरच्या बांबूंकडे. शेवटी म्हणाला, "काकू… छपरी त झाली. हे बांबू मंग…"

बाईनं मांडीवरचं सूप खाली ठेवलं, उठली, हात वर करून पहिला बांबू ठोकला आणि सोडून दिला. दुसराही सोडला. मग दोन काढून त्याच्या हातात दिले.

"दुसरी घालाची आहे," ती म्हणाली. "हा लाकूड पाहून राह्यला."

तो माझ्याकडे पाहायला लागला. मी कब्जा हातात धरून तसाच उभा होतो.

"हो," मी म्हणालो. "पण घाई नाही करत. लाकूड चांगलं पाह्यजे."